व्हॉलीबॉलमधील घोट्याची दुखापत आणि आधारपट्टा

व्हॉलीबॉलच्या दोन संघांमध्ये जाळे असते. प्रतिपक्षाच्या अंगाशी झटण्याचा प्रसंग या खेळात सहसा येत नाही. तरीही त्यातील आकस्मिक दुखापतींत घोटा मुरगळण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळते. या विसंगतीचा उलगडा जाळ्याखालीच होतो. चेंडू मारण्यासाठी व अडविण्यासाठी उडालेले खेळाडू एकाच अरुंद जागेत खाली येतात. मध्यरेषा केवळ 5 सेंटिमीटर रुंद. पाऊल तिच्यापलीकडे गेले, तरी त्याचा काही भाग रेषेवर अथवा थेट तिच्या वर असेपर्यंत नियम हरकत घेत नाही. परिणामी स्मॅश मारणाऱ्याच्या पावलावर समोरचा ब्लॉक करणारा खेळाडू उतरतो. कित्येकदा ते पाऊल स्वसंघातील सोबत्याचेच असते!

अशा वेळी तळवा आत वळतो आणि बाहेरील घोट्याच्या पुढचा अस्थिबंध ताणला अथवा फाटला जातो. नडगीच्या बाहेरील स्नायू पाऊल सावरू शकतात. परंतु त्यांना जाग येण्यापूर्वीच बहुधा इजा होऊन गेलेली असते. आधारपट्ट्याचे प्रयोजन येथे आहे. नाडीने आवळण्याचा कापडी असो वा दोन्ही बाजूंस कठीण पट्ट्या असलेला असो, तो पावलाचे आत वळणे रोखतो आणि उडीस आवश्यक अशी वर-खाली हालचाल बऱ्याच अंशी मोकळी ठेवतो. चिकटपट्टीचे वेष्टन खेळताना सैल पडते. पट्टा पुन्हा आवळता येतो.

मात्र पुराव्याची छाननी करताना सावध राहिले पाहिजे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या महाविद्यालयीन महिला खेळाडूंत घोट्याच्या दुखापती जवळजवळ नाहीशा झाल्याचे दिसले. पण तुलना राष्ट्रीय आकडेवारीशी होती, त्याच संघांतील पट्टा न वापरणाऱ्या गटाशी नव्हे. याहून भक्कम पुरावा बास्केटबॉलमधून येतो. विस्कॉन्सिनमधील 1,460 शालेय खेळाडूंवरील 2011 च्या चाचणीत दर हजार सहभागांमागे दुखापतींचे प्रमाण पट्ट्याविना 1.41, तर पट्ट्यासह 0.47 आढळले. दुखापतीची तीव्रता मात्र घटली नाही. दोन्ही खेळांत उडी असली, तरी बास्केटबॉलमधील धावणे व एकाएकी दिशा बदलणे वेगळे आहे. हा निष्कर्ष व्हॉलीबॉलला जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते.

उलटपक्षी, नॉर्वेतील 1997 च्या अहवालाकडे आपले प्रशिक्षक फारसे लक्ष देत नाहीत. तेथे उडी व उतरण्याचे तंत्र सुधारणे, डगमगत्या फळीवर तोल सांभाळणे आणि दुखापतीविषयी समज देणे या उपायांनी दर हजार तासांमागील प्रमाण 0.9 वरून 0.5 वर आले. खेळाडू कोठे उतरतो, हे पट्टा ठरवीत नाही, तंत्र ठरविते.

म्हणून सरसकट सर्वांस पट्टा सक्तीचा करण्यापूर्वी, ज्याचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्याचा विचार प्रथम व्हावा. कारण नव्या दुखापतीचा सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो. त्याने पुनरागमनानंतर निदान 6 महिने ते 1 वर्ष पट्टा वापरावा आणि तोलाचा सराव त्याच काळात चालू ठेवावा. जाळ्याजवळ न खेळणाऱ्या, कधीही दुखापत न झालेल्या लिबेरोस त्याची निकड सर्वांत कमी आहे.