तळ्यावर नुसतं बसायला

आमच्या भांडगावात बायका तळ्यावर तीन कामांसाठी जातात. घट बसायच्या आधी गोधड्या धुवायला, गौरी-गणपती बोळवायला आणि शेरडं पाण्यावर न्यायला. चौथ्या कारणासाठी कुणी गेली, तर समोरून येणारा थांबून विचारतो, "का गं, काय झालं?" पाण्याकाठी एकटी बाई बसलेली दिसली की गावाच्या मनात पहिली शंका भलतीच येते. बाप्या बसला तर तो मासे धरतोय आणि बाई बसली तर तिच्या घरात काहीतरी बिनसलंय!

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडलं की चौफुल्याच्या अलीकडे आमचं गाव. कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस, पोचत नाही तिथं माळ. त्या माळाच्या अंगाला आमचं तळं आहे, एक लहानसा पाझर तलाव. मी १९९३ मध्ये लग्न होऊन इथं आले तेव्हापासून दर रविवारी एक चित्र बघत आले. पोरं आणि बाप्ये बांबूच्या काठ्या घेऊन काठावर बसलेले असायचे. मासा मिळो न मिळो, दोन-तीन तास निवांत. घरी जाताना चेहरे कसे धुतल्यासारखे. मी गोधड्या बडवता बडवता मनात म्हणायची, काय रिकामटेकडे लोक आहेत! खरं सांगू? त्यात निम्मा हेवाच होता.

माझं असंच चाललं असतं, पण २०२२ च्या भाद्रपदात एक गोष्ट घडली. पाऊस चांगला झाला होता, तळं काठोकाठ भरलेलं. आम्ही सात-आठ जणी गोधड्या घेऊन गेलो होतो. शेजारणीची अकरा वर्षांची भाची पाय धुवायला चार पावलं बाजूला गेली. तिथला मुरूम कुणीतरी उन्हाळ्यात उपसून नेला होता, तो खड्डा पाण्याखाली झाकला गेलेला. पोरीचा पाय गेला आणि ती गळ्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत आत.

आम्ही किंचाळलो. दुसरं काय करणार? आठ बायका आणि पोहता एकीलाही येत नव्हतं. शेजारीण पदर खोचून आत धावली, तेवढ्यात माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या कडाडल्या, "आत उतरू नका गं कुणी! एकीच्या दोन जातील!" त्यांनी धुण्याच्या ढिगातलं आपलंच नऊवारी लुगडं ओढलं, एका टोकाला गाठ मारली आणि भिरकावलं. दुसऱ्या खेपेला पोरीच्या हाताला लागलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला ओढून काढली. चार घोट पाणी प्यायली होती, पण वाचली. लगेच दवाखान्यात नेऊन आणली.

त्या रात्री मला झोप नाही. डोळ्यांसमोर पाणी. एकच विचार छळत होता, तीस वर्षं मी या तळ्यावर जाते, पण ते कुठं उथळ, कुठं खोल, हे मला ठाऊक नाही. गळ टाकणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालासुद्धा ते ठाऊक असतं, कारण तो तिथं नुसता बसतो, पाणी बघतो. आम्ही तिथं मान खाली घालून राबतो आणि ओझं उचलून निघून येतो.

आत्याबाईही जाग्याच होत्या. म्हणाल्या, "आगं, ह्ये तळं आमी खांदलंय. बहात्तरच्या दुष्काळात. मी नवी नवरी हुते. दिसभर पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी खायाची. माती डोईवर न्हेली, पर पानी आल्यावर त्याच्याकडं बघत बसायला कवा आलेच न्हाई."

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. १९७२ चा दुष्काळ आपण सगळ्यांनी ऐकलेला. पाऊस रुसलेला, घरात परदेशातून आलेली लाल मिलो आणि पोटासाठी सरकारी कामं. खडी फोडायची, रस्ते, नालाबांध आणि असे पाझर तलाव. त्या कामांवर बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेनं त्या काळात किती घरं तगवली! पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशभराचा कायदा करताना महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता. हे सगळं पुस्तकात येतं. पण ज्यांच्या डोक्यावरून तलावाची माती गेली, त्या बाईला त्या तलावाकाठी दोन घटका बसायला पन्नास वर्षांत सवड मिळाली नाही, हे कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही.

मी सकाळी यांना म्हटलं, "मला पोहायला शिकायचंय. आणि मासे धरायलाही."

हे चहाचा कप तसाच धरून बघत राहिले. मग म्हणाले, "पन्नाशीत?"

म्हटलं, "बुडायला वयाची अट असते का?"

पोहणं मी माहेरी शिकले. माझं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. भावाच्या विहिरीला पायऱ्या आहेत. लहानपणी भाऊ पाठीला डबा बांधून याच विहिरीत शिकला, तेव्हा मी वर बसून त्याचे कपडे राखत होते! दिवाळीत त्यानं माझ्या पाठीला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधला, कमरेला दोर बांधला आणि सलवार-कुडत्यात मला उतरवलं. पहिले दोन दिवस नुसती घाबरून ओरडले. आठव्या दिवशी कॅन सुटला आणि मी तरंगत होते. पट्टीची पोहणारी मी काही झाले नाही, पण काठ गाठण्याइतकं आता येतं.

मासे धरायचं शिकवलं ते तळ्याचा ठेका असलेल्या भोई मामांनी. हे एक ध्यानात ठेवा, गावच्या तळ्यात कुणीतरी पैसे घालून मत्स्यबीज सोडलेलं असतं, त्याला विचारल्याशिवाय गळसुद्धा टाकू नये. मामांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "घरच्या कालवणापुरतं धर की ताई. त्यात काय इचारायचं?"

बांबूची काठी, नायलॉनची दोरी, दोरीला गळ आणि वर तरंगायला थर्माकोलचा तुकडा, एवढंच सामान. खाद्य म्हणून गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. मी कणीकच घेते, ती तिंबायचा अनुभव दांडगा! थर्माकोल नुसता थरथरला की ओढायचं नाही, खाली गेला की हलका हिसका द्यायचा. मामा म्हणाले, "तळं म्हंजी तीन मजली घर हाय बघा. वरल्या मजल्यावर कटला, मधल्यावर रोहू, तळमजल्याला मृगळ." तिघांचं खाणं वेगवेगळ्या थरात, म्हणून ते एकत्र वाढवतात. एकमेकांच्या ताटात हात नाही.

मी विचारलं, "मामा, दर पावसाळ्यात पिल्लं विकत आणून का सोडता? तळ्यात होत नाहीत का?" तेव्हा नवीच गोष्ट कळली. हे तिन्ही मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचं वाहतं, पुराचं पाणी लागतं. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करून आणत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हीरालाल चौधरी यांनी माशाला पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवलं आणि मग गावोगावच्या तळ्यांत बोटुकली सोडता यायला लागली. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. किती गोड शब्द आहे! पाझर तलावातलं पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जातं आणि उन्हाळ्यात तळं आटतं, म्हणून दर साल नवी बोटुकली.

गावानं काय म्हटलं? पहिल्या रविवारी तिघांनी विचारलं, "वहिनी, सगळं ठीक ना?" दुसऱ्या रविवारी एकजण यांना म्हणाला, "घरात भांडण झालं का?" तिसऱ्या रविवारी मला अर्धा किलोचा रोहू लागला आणि प्रश्न बदलला, "वहिनी, खाद्य कुठलं लावलं?"

हळूहळू शेजारीण यायला लागली, मग तिची जाऊ, मग आणखी दोघी. सगळ्याच मासे खातात असं नाही. एक माळकरी आहे, ती नुसती बसते, पाणकावळे मोजते. कुणी बोलते, कुणी गप्प राहते. घरी कुणी विचारलं तर आम्ही बिनदिक्कत सांगतो, "तळ्यावर बसायला जातोय." आणि त्या भाचीला आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत पोहायला घातली. आमची पहिली वर्गणी तिच्यासाठी निघाली.

अनुभवातून आम्ही काही नियम ठरवलेत, तुम्हालाही सांगते. तळ्यावर एकटीनं जायचं नाही. जाताना झाकण लावलेला रिकामा तेलाचा कॅन आणि लांब दोर न्यायचा. कुणी बुडत असेल तर पोहता न येणारीनं उडी मारायची नाही, दोर, साडी, काठी किंवा कॅन फेकायचा. भिजलेली गोधडी पाण्यात सुटली तर सोडून द्यायची, तिच्यामागे जायचं नाही. उन्हाळ्यात तळं आटलं की एकदा पायी फिरून खड्डे बघून ठेवायचे. शेततळ्याला तर फारच जपायचं. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगाव शेततळी झाली, पण आतला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कुंपण करा आणि काठाला बांधलेला गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा.

आणि पाणी मोठं असेल तर? याच रस्त्यानं पुढं गेलं की भिगवणला उजनीचं पाणी लागतं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, तिथल्या मासळीची चव तर आपल्याला माहीतच आहे. मागच्या थंडीत आमच्या गटानंही नावेत बसून पक्षी बघितले, पण आधी लाइफ जॅकेट अंगावर चढवूनच. त्याच उजनीत २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. जॅकेट नसेल किंवा वारा सुटला असेल, तर नावेत बसायचं नाही. पैसे दिलेत म्हणून भिडेखातर तर मुळीच नाही.

आत्याबाई मात्र यायला तयार नव्हत्या. "म्हातारपणी लोक हसतील," म्हणायच्या. एकदा मीच त्यांचा हात धरून नेलं, बांधावर घोंगडी टाकून दिली. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. मग बोटानं दाखवून म्हणाल्या, "त्या कोपऱ्याची माती माझी."

तेवढ्यात मामांनी जाळं ओढलं. चिलाप्या निघाल्या होत्या. त्यातली एक आमच्या बादलीत टाकली तर तिच्या तोंडातून बारीक बारीक पिल्लं बाहेर पडायला लागली. आत्याबाई दचकल्या. मामांनी सांगितलं की चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि पिल्लंही तोंडातच सांभाळते. भीती वाटली की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात.

"मग तवर ती खाती काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. उपाशीच."

"आन् बाप्या?"

"त्यो खड्डा करून दुसरीची वाट बघत बसतो!"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग बादलीत डोकावून मला म्हणाल्या, "लेकुरवाळी हाय, सोड तिला. पोरं सुटी झाली की खाईल बिचारी पोटभर."

मी बादली हळूच पाण्यात वाकडी केली. मासळी आणि तिची पिल्लं गेली. त्या दिवशी घरी कालवणाला काही नव्हतं, पिठलं-भाकरीवर भागवलं. आता रविवारी सकाळी मी काठी काढायच्या आधी आत्याबाईच घोंगडी खांद्यावर टाकून दारात उभ्या असतात.