मैदान आणि अभ्यास

दिवाळी झाली की कॉलेजच्या खेळाडूंची ओढाताण सुरू होते. एकीकडे सत्र परीक्षा, दुसरीकडे स्पर्धांचा सराव. याच सुमारास माझ्या दवाखान्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणारी मुले-मुली येऊ लागतात. तक्रारी ठरलेल्या : थकवा, डोकेदुखी, पुस्तक उघडले की झोप. सोबतचे वडील विचारतात, "डॉक्टर, खेळ बंद करू का हिचा?" बहुधा माझे उत्तर 'नको' असेच असते. दोष खेळाचा क्वचितच असतो. झोप, जेवण आणि विश्रांती यांचा हिशेब चुकलेला असतो.

आधी झोप पाहू. पहाटे पाचला मैदान आणि रात्री एकपर्यंत अभ्यास, हे फार दिवस चालत नाही. या वयात ७ ते ९ तास झोप हवीच. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते; सरावाने थकलेल्या स्नायूंची डागडुजीही तेव्हाच होते. म्हणजे झोप तोडणाऱ्याचे दोन्हीकडे नुकसान. पाचला उठायचे असेल तर साडेनऊला अंथरुणावर पडावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

दुसरे जेवण. उपाशीपोटी धावून तसेच तासाला बसू नये. सरावाआधी एखादे केळे, नंतर भाकरी-उसळ, दूध किंवा अंडे पुरे. महागडे डबे लागत नाहीत.

मुलींच्या बाबतीत थकव्याला आळस म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ ग्रॅमच्या व पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. अशा मुलीला धाप लागते आणि अभ्यासात लक्षही लागत नाही. उसळ, पालेभाजी लिंबू पिळून खावी. जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. पाळी सलग तीन महिने आली नाही, तर 'खेळामुळे होते असे' म्हणून सोडू नका. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. पुढे हाडे ठिसूळ होतात, त्यांना बारीक चिरा पडतात.

कुस्तीगिरांना एक कळकळीचे सांगणे. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, जाड कपडे घालून घाम गाळू नका. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल अशाच प्रकारे वजन उतरवताना महिनाभराच्या अंतरात दगावले. वजन आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावे, एका रात्रीत नव्हे.

शरीराचे म्हणणे ऐकण्याची सोपी युक्ती आहे. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त असे दोन-तीन दिवस आढळले, तर सराव हलका करा; ताप किंवा अशक्तपणा असल्यास डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. परीक्षेच्या आठवड्यात सराव बंद करू नये, निम्मा करावा. थोड्या व्यायामाने मन हलके राहते.

आणि पालकांनो, सत्र सुरू होतानाच परीक्षांच्या आणि स्पर्धांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तोच कागद प्राध्यापकांना आणि प्रशिक्षकांनाही दाखवा. तारखा कुठे आदळणार हे दोन महिने आधी कळले, तर मुलांना झोप मोडून दोन्ही गाठण्याची वेळ येणार नाही.