माळ ओवा, दगड घरात घासू नका

रबाळ्याच्या आमच्या गटात आम्ही अकीकाच्या माळा ओवतो. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड होऊन गोठलेला लाव्हारस. त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पाण्याबरोबर आलेली सिलिका त्यांत थरावर थर साचली आणि अकीक झाला.

घासून पॉलिश केला की तो काचेसारखा चमकतो. पण घासताना उडणारी बारीक धूळ घातक असते. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना, त्यांच्या घरच्यांनाही, तिच्यामुळे सिलिकोसिस झाला. यात फुप्फुसं कायमची खराब होतात. बरं करणारं औषध नाही.

म्हणून आम्ही पॉलिश केलेले, भोक पाडलेले मणीच आणतो. तोंडाला पदर बांधून ही धूळ अडत नाही. घरात दगड घासायचं काम कोणी दिलं, तर सरळ नाही म्हणा.