घरगुती नळकाम

घरगुती नळकाम म्हणजे राहत्या इमारतीत पाणी आणणे, साठवणे, वापराच्या जागी पोहोचवणे आणि वापरलेले पाणी बाहेर वाहून नेणे यांसाठी केलेली नळ, टाक्या, तोट्या, झडपा व सांडपाण्याच्या वाहिन्यांची रचना. तिच्या देखभाल-दुरुस्तीचाही या संज्ञेत समावेश होतो. बोलीभाषेत या कामास 'प्लंबिंग' आणि ते करणाऱ्यास 'प्लंबर' म्हणतात. सरकारी जाहिरातींत 'नळ कारागीर' हा शब्दही आढळतो. यातील काही दुरुस्त्या घरमालकाला स्वतः करता येतात, तर काही कामे जाणकार व परवानाधारक कारागिराकडूनच करून घेणे आवश्यक असते. ही सीमा केवळ हातातील कसबावर ठरत नाही. त्या जागेचे पाणी बंद करता येते का, जोड डोळ्यांना दिसतो का आणि काम बिघडल्यास त्याची झळ कोणाला पोहोचेल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरते.

नाव व पार्श्वभूमी

'प्लंबर' हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द मुळात 'प्लंबम' म्हणजे शिसे या लॅटिन शब्दापासून बनला आहे. प्राचीन रोममध्ये पाण्याचे नळ शिशाचे असत. शिसे शरीरास घातक असल्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा वापर पुढे बंद झाला. व्यवसायाचे नाव मात्र टिकले.

महाराष्ट्रात नळाने पाणी आणण्याची परंपरा ब्रिटिश अमदानीपेक्षा जुनी आहे. औरंगाबादेत सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली. पुण्यात पेशवाईच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातील हौदांत पाणी येत असे. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये सुरू झाले. तरीही सामान्य घरात तोटी येण्यास पुढे बराच काळ जावा लागला, आणि चाळींतून मजल्यावरचा सामाईक नळ हीच दीर्घकाळ रीत होती.

घरातील पाण्याचा मार्ग

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते. त्यामुळे येथील घरगुती नळकाम टाकीभोवती गुंफलेले असते. रस्त्याखालील मुख्य जलवाहिनीतून घेतलेली जोडणी जलमापकातून जमिनीखालच्या टाकीत येते. तेथून पंपाने पाणी गच्चीवरील टाकीत चढवले जाते आणि मग स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीत पाणी ठरावीक पातळीवर आले की तरंगत्या चेंडूची झडप, म्हणजे बॉल कॉक, पाणी थांबवते. गच्चीवरून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीवर एक झडप असते. घरात शिरताना एक मुख्य कॉक आणि बेसिन, फ्लशची टाकी, गीझर यांच्यापाशी छोटे अँगल कॉक असतात. मल:निस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी असा मापदंड भारतात वापरला जातो.

जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी (जी.आय.) नळ दिसतात. ते आतून गंजत जातात आणि भोक अरुंद होऊन धार बारीक होते. अशा वेळी तोटी बदलून काही साध्य होत नाही. आता थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी आणि गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी नळ रूढ झाले आहेत. या दोहोंची गल्लत करणे महागात पडते, कारण यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो व जोडापाशी सुटतो.

घरमालकाने स्वतः करावयाची कामे

घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस मुख्य कॉक कोठे आहे आणि तो कोणत्या दिशेने बंद होतो हे ठाऊक असावे. नळ फुटल्यावर प्लंबर येईपर्यंतच्या अर्ध्या तासात होणारे नुकसान या एका माहितीने टळते. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तो बंद करून पुन्हा उघडावा.

ठिबकणारी तोटी हा सर्वांत सामान्य दोष होय. आटे फिरवून बंद होणाऱ्या जुन्या धर्तीच्या तोटीत रबरी वॉशर असतो. तो झिजला की थेंब गळू लागतात. अशी तोटी अधिक जोराने आवळण्याची सवय घातक आहे, कारण त्यामुळे वॉशर फाटतो आणि ज्या धातूच्या कडेवर तो टेकतो तीही खराब होते. मग केवळ वॉशर बदलून भागत नाही. योग्य रीत अशी, की कॉक बंद करून तोटीतील उरलेले पाणी काढून टाकावे, पान्याने वरचा भाग उघडावा व त्याच मापाचा नवा वॉशर बसवावा. जुना वॉशर दुकानात सोबत नेल्यास मापाची चूक होत नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत वॉशरऐवजी चिनी मातीच्या चकत्या असतात. तेथे आतला संपूर्ण भाग बदलावा लागतो.

गळतीची किंमत मोजणे सोपे आहे. तोटीखाली लिटरचे माप ठेवून ते एका तासात भरले, तर दिवसाला २४ आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी वाया जाते.

फ्लशच्या टाकीतील गळती कानांना ऐकू येत नाही. टाकीच्या पाण्यात थोडी शाई किंवा खाद्यरंग घालून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाची रबरी झडप बदलण्यास झाली असे समजावे. आट्यांच्या जोडावर पूर्वी ताग व सफेदा लावत. आता टेफ्लॉनची पट्टी वापरतात. ती आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळावी, अन्यथा आवळताना ती उलगडून बाहेर येते. बेसिन व गीझरला जोडणाऱ्या लवचीक नळ्यांवरील तारांच्या विणीवर गंज दिसताच त्या बदलाव्यात. घर बंद असताना अशी नळी फुटून पाणी खालच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याचे प्रकार घडतात. गावाला जाताना मुख्य कॉक बंद करणे यासाठीच गरजेचे आहे.

गळतीचा शोध

भिंतीवर ओल दिसताच फरशी फोडण्याची घाई केली जाते. वास्तविक ओल कोठे दिसते यापेक्षा ती केव्हा वाढते हे अधिक बोलके असते, कारण पाणी स्लॅबमधून आडवे वाहत दूरवर बाहेर पडू शकते. रात्रंदिवस सारखीच ओल राहत असेल, तर दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या नळावर संशय घ्यावा. स्नान किंवा धुणे झाल्यावर ओल वाढत असेल, तर सांडपाण्याचा जोड किंवा न्हाणीघरातील जलरोधक थर सदोष असण्याचा संभव असतो. केवळ पावसाळ्यातच ओल येत असेल, तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा गच्चीत असतो आणि तेथे प्लंबरचा उपयोग नाही.

पुरवठ्याची गळती पडताळण्यासाठी रात्री सर्व तोट्या बंद करून गच्चीवरील टाकीत येणारे पाणी थांबवावे व पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल, तर टाकीतून निघणाऱ्या झडपा रोज एक याप्रमाणे बंद करून हीच चाचणी पुन्हा करावी. ज्या वाहिनीची झडप बंद असताना पातळी टिकते, तीत दोष आहे. केवळ जलमापक पाहून हा निष्कर्ष निघत नाही, कारण टाकी भरून बॉल कॉक बंद झाल्यावर जलमापक थांबतो आणि घरातील गळती लपून राहते. न्हाणीघराच्या फरशीसाठी जाळीचे तोंड घट्ट बंद करून एक-दोन दिवस उथळ पाणी साठवून ठेवतात व खालच्या छताचे निरीक्षण करतात. या चाचण्यांना खर्च जवळजवळ नाही. त्या केल्याविना फरशी उखडण्याचा सल्ला देणाऱ्या कारागिराबाबत सावध राहणे बरे.

सांडपाणी

सांडपाण्याच्या प्रत्येक तोंडाशी वाकडा सापळा असतो. त्यात साचून राहणारे, साधारणतः ५० मिलिमीटर खोलीचे पाणी गटारातील दुर्गंधी व झुरळे अडवते. न्हाणीघराच्या फरशीतील सापळ्याला स्थापत्य अभियांत्रिकीच्या पुस्तकांत 'नाहनी ट्रॅप' म्हणतात. आपल्या 'न्हाणी'चे हे रूप इंग्रजी ग्रंथांतही तसेच वापरले जाते. घर अनेक आठवडे बंद राहिले की सापळ्यातील पाणी आटते. परदेशी राहणाऱ्यांच्या बंद सदनिकांतून येणारी दुर्गंधी बहुधा याच कारणाने असते आणि जाळीत तांब्याभर पाणी ओतताच ती थांबते. सतत राहणाऱ्या घरात मात्र वास येत असेल, तर वायुनलिका तुंबलेली किंवा मुळातच नसल्याची शंका घ्यावी. हे तपासणे कारागिराचे काम आहे.

एकच बेसिन तुंबले असेल, तर रबरी पंपाने किंवा खालची बाटली उघडून ते मोकळे करता येते. सर्व तोंडे एकाच वेळी तुंबली किंवा तळमजल्यावर मैलापाणी उलटे चढू लागले, तर अडथळा बाहेरच्या वाहिनीत किंवा चेंबरमध्ये आहे. कॉस्टिक सोडा ओतला असल्यास प्लंबरला तसे आधी सांगावे, नाही तर नळ उघडताना त्याचे हात व डोळे भाजतात. ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नयेत. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या सांडपाण्याच्या नळास साधारणतः ४० ला १ असा उतार देतात. नूतनीकरणात शौचालयाची जागा हलवल्यावर हा उतार राखता आला नाही, तर ते वारंवार तुंबते.

सेप्टिक टँकची सफाई हा कोणत्याही परिस्थितीत माणसाने आत उतरून करण्याचा विषय नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन साठतात, प्राणवायू अपुरा असतो आणि आत उतरलेला मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो; त्याला वाचवण्यास धावलेलेही दगावतात. हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास मनाई करणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार, अशा धोकादायक सफाईस कोणास लावणे हा गुन्हा असून पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारसफाईत मृत्यू आल्यास ३० लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिले. टाकी शोषयंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी. 'गडी थोडक्यात करून देईल' हा सल्ला घरमालकास गुन्हेगार आणि गड्याच्या घरास निराधार करू शकतो.

परवानाधारक कारागीर केव्हा आवश्यक

मुख्य जलवाहिनीपासून जलमापकापर्यंतच्या भागास घरमालकाने हात लावू नये. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये प्लंबरना परवाने देण्याची तरतूद असून, नव्या नळजोडणीचे काम परवानाधारक प्लंबरमार्फतच करून घ्यावे लागते. जलमापकापाशी पंप बसवून थेट वाहिनीतून पाणी ओढण्याची प्रथा अनेक शहरांत आढळते. ती बेकायदेशीर आहेच, शिवाय आरोग्यास घातक आहे. पंपाच्या ओढीने वाहिनीतील दाब कमी होतो आणि जवळून गटार जात असल्यास फटींतून सांडपाणी आत शोषले जाते. ते पाणी संपूर्ण आळीत जाते. इचलकरंजीत २०१२ मध्ये आलेली काविळीची मोठी साथ पाण्यावाटेच पसरली होती. कूपनलिकेचे पाणी व पालिकेचे पाणी एकाच नळात जोडणे याच कारणाने वर्ज्य आहे.

भिंतीत किंवा फरशीखाली गाडलेला नळ, वरच्या मजल्यावरून उतरणारी सामाईक वाहिनी आणि गरम पाण्याची यंत्रणा ही कामेही जाणकारावर सोपवावीत. विजेच्या गीझरवरील सुरक्षा-झडप गळते म्हणून तिचे तोंड बंद करणे अतिशय धोक्याचे आहे. आत वाढलेला दाब बाहेर पडण्याची ती एकमेव वाट असू शकते. गॅस गीझर बंदिस्त न्हाणीघरात लावल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूस रंग व वास नसल्याने स्नान करणाऱ्यास धोका कळतच नाही. हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

गृहनिर्माण संस्थेतील जबाबदारी

सदनिकांमधील गळतीचे निम्मे भांडण पाण्याचे आणि निम्मे खर्चाचे असते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, टाक्या, पंप, गच्ची आणि पावसामुळे किंवा बाहेरील सामाईक नळांमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा असतो व संस्थेने त्यात समन्वय साधावयाचा असतो. म्हणून ओलीचे कारण चाचणीने निश्चित करून त्याची लेखी नोंद ठेवणे दोन्ही शेजाऱ्यांच्या हिताचे ठरते.

कारागिराची निवड

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. पण आजही बहुसंख्य कारागीर हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकतात. ओडिशातील केंद्रापाडा जिल्हा, विशेषतः पट्टामुंडाईचा परिसर, देशभर काम करणाऱ्या प्लंबरांसाठी प्रसिद्ध आहे. प्रमाणपत्र नसलेला कारागीर अकुशल असतोच असे नाही. मात्र पालिकेच्या जोडणीसाठी परवाना पाहणे अपरिहार्य आहे.

काम देण्यापूर्वी मजुरी व साहित्य यांचा स्वतंत्र लेखी अंदाज घ्यावा. नळांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आहे का ते पाहावे. नवे नळ भिंतीत बुजवण्यापूर्वी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाखाली पाणी भरून ठेवण्याची चाचणी घेतली जाते. फरशी बसवण्याच्या घाईत ती टाळू देऊ नये. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची, मोजपट्टी लावून, छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना नळ कोठून गेला आहे हे त्यांवरूनच कळते, आणि घर विकल्यास ती नव्या मालकाला देता येतात.