परमुलखातले जीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे मंडळ



अमेरिकेत राहणाऱ्या चिनी जीवशास्त्रज्ञांनी आपले एक मंडळ काढले आहे. त्या मंडळाशी जळगाव-धुळ्याच्या माणसाला काय कर्तव्य, असा प्रश्न आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कोणाच्याही मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेत न शोधता आधी रावेर-यावलच्या केळीच्या बागेत शोधू.

पूर्वी आपल्याकडे केळीची लागवड कंदाने होत असे. आज बागाइतदार टिश्यू कल्चरची रोपे आणतो. केळीच्या कोंबाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून त्यापासून एकसारखी, निरोगी रोपे तयार करतात. त्या तुकड्याला बाटलीत माती मिळत नाही. त्याचे अन्न म्हणजे क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि वाढ घडवणारी द्रव्ये यांचे मोजून केलेले मिश्रण. यासाठी जगभर सर्वांत अधिक वापरला जाणारा क्षारांचा पाठ १९६२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तंबाखूच्या पेशींवर प्रयोग करीत असता दोघांनी तो बसवला. त्यांतले स्कूग हे स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले, आणि मुराशिगे हे हवाई बेटांत जन्मलेले, जपानी वंशाचे. म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बागेच्या मुळाशी एका स्थलांतरिताची आणि एका स्थलांतरितांच्या वंशजाची विद्या आहे. परमुलखात गेलेला शास्त्रज्ञ कसा जगतो, त्याला कोणाचा आधार असतो, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही तो यामुळे.

आता आपल्या माणसांकडे वळू. १८८४ साली महाराष्ट्रात दोन मुले जन्मली. दोघेही पुढे वनस्पतींच्या शास्त्रात नाव मिळवून गेले, दोघांनाही परदेशाने कसोटीला लावले. परंतु दोघांची कथा निराळी झाली.

पहिले पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने तरुणपणीच त्यांनी देश सोडला आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि त्याच काळात, १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या उभारणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची दारे बंद झाली तेव्हा, १९२४ साली, ते मेक्सिकोला पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मका आणि गहू यांच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकीशाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या थोर मेक्सिकन चित्रकाराने शिक्षणखात्याच्या इमारतीतील एका भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या रूपात रंगविले आहे. भाकरीचा मान ठाऊक असलेल्या खानदेशाला त्या चित्राचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण याच खानखोज्यांना स्वतंत्र भारतात परतणे सोपे गेले नाही. इंग्रजांनी केलेली काळी यादी इंग्रज गेल्यावरही काही काळ शिल्लक होती, आणि तिच्यामुळे त्यांना प्रवेशाचा परवाना नाकारला गेला. १९५५ साली ते भारतात स्थायिक झाले आणि १९६७ साली वारले. मेक्सिकोत मक्यावर घालविलेल्या त्या वर्षांचा लाभ येथील शेतीला व्हावा तसा झाला नाही. त्यांची हकीकत नव्या पिढीपुढे आली ती मुख्यतः त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली.

दुसरे शंकर पुरुषोत्तम आघारकर, मालवणचे. कलकत्ता विद्यापीठात त्यांना वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर नेमले गेले आणि उच्च अभ्यासासाठी १९१४ साली ते जर्मनीला गेले. तोच महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून जर्मनांनी त्यांना अटकेत ठेवले. ज्या साम्राज्याने खानखोज्यांना शत्रू ठरविले, त्याच साम्राज्याचा माणूस म्हणून आघारकरांना कैद व्हावी, ही परक्या भूमीवरील हिंदी माणसाची त्या काळची अवस्था! युद्धानंतर आघारकरांनी बर्लिनची डॉक्टरेट मिळविली व ते कलकत्त्यास परतले. निवृत्तीनंतर ते स्वस्थ बसले नाहीत. १९४६ साली पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ ही संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक-संचालक. तीच आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या नव्या जाती तिने शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. आघारकर १९६० साली गेले; त्यांचे काम चालू राहिले.

दोघांच्या बुद्धीत किंवा देशप्रेमात उणे-अधिक नव्हते. एकाच्या विद्येला पुढे चालविणारी संस्था मायदेशी मिळाली, दुसऱ्याच्या विद्येला मिळाली नाही, एवढाच येथे भेद आहे. ही गोष्ट धुळेकरांना वेगळी सांगायला हवी का? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांनी जन्मभर गोळा केलेली कागदपत्रे वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून त्यांच्या मागे संशोधन मंडळ स्थापन झाले, म्हणूनच ते धन आज हाताशी आहे. व्यक्ती विद्या मिळविते. मंडळ ती राखते, हा धडा आपल्या घरचाच आहे.

आता चिनी मंडळाकडे येऊ. १९८४ साली अमेरिकेत चिनी जीवशास्त्रज्ञांची एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर ‘अमेरिकेतील चिनी जीवशास्त्रज्ञांची सभा’. ती त्याच वेळी का निघाली, हे त्या काळाकडे पाहिले म्हणजे कळते. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत चीनमधील विद्यापीठे वर्षानुवर्षे विस्कटली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दारे उघडली, तेव्हा शिकण्यास आतुर अशी एक पिढीच्या पिढी उभी होती. कॉर्नेल विद्यापीठातील रे वू हे जैवरसायनाचे प्राध्यापक. आनुवंशिक द्रव्याची अक्षरे वाचण्याच्या पद्धतीत आरंभीचे काम करणाऱ्यांपैकी ते एक. बीजिंगमध्ये जन्मून तरुणपणी अमेरिकेत आलेल्या या गृहस्थांनी एक योजना आखली. चीनमध्ये परीक्षा घ्यायची, उत्तम विद्यार्थी निवडायचे आणि अमेरिकन विद्यापीठांनी त्यांना जैवरसायनाच्या संशोधनासाठी घ्यायचे. १९८२ ते १९८९ या काळात चारशेहून अधिक विद्यार्थी या वाटेने गेले. त्यांतले कित्येक पुढे मोठे संशोधक झाले. काही चीनला परतून तेथील संस्थांचे धुरीण बनले.

अशा विद्यार्थ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. भाषा तोडकीमोडकी, ओळखीचे कोणी नाही. प्रयोग जमतो, पण सभेत उभे राहून बोलण्याचा धीर होत नाही. नोकरीसाठी कोणाला पत्र लिहावे हे कळत नाही. अशा वेळी त्याच शास्त्रातला, त्याच मुलखातून आलेला वडीलधारा माणूस भेटला तर केवढा आधार! मंडळाचे पहिले काम हे. त्यासाठी ठिकठिकाणी शाखा असतात, आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात, त्यांत नवख्यांना ज्येष्ठांपुढे आपले संशोधन मांडता येते.

दुसरे काम पुलाचे. परदेशातील संशोधक आणि पूर्वेकडील संस्था यांची गाठ अशा परिषदांतून पडते. विद्येचा ओघ एकेरी राहत नाही.

तिसरे काम सर्वांत कठीण. ते म्हणजे आवाज देण्याचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची मोहीम उघडली. व्यापारी व वैज्ञानिक गुपितांची चोरी रोखावी, हा हेतू सांगितला गेला. परंतु चिनी वंशाच्या अनेक संशोधकांवर संशयाची छाया पडली. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काही खटले पुढे न्यायालयात टिकले नाहीत. एकटा प्राध्यापक अशा वेळी काय बोलणार? तो बोलला तर संशय वाढायचा, गप्प बसला तर तोच कबुलीजबाब ठरायचा. मार्च २०१९ मध्ये या सभेने आणि चिनी संशोधकांच्या आणखी दोन संस्थांनी मिळून ‘सायन्स’ या जगन्मान्य नियतकालिकात पत्र प्रसिद्ध केले. केवळ वंश पाहून संशोधकाला संशयित मानण्याने विज्ञानाचेच नुकसान होते, ही चिंता त्यांनी मांडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या प्रमुखांना त्याच अंकात उत्तर द्यावे लागले. ती मोहीम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाली. तिच्या बंद होण्यामागे अनेक कारणे होती, सारे श्रेय एका पत्राला देता येणार नाही. पण एकट्याच्या तोंडून जे निघाले नसते ते मंडळाच्या तोंडून निघाले, हे खरे. खानखोज्यांच्या काळ्या यादीविरुद्ध असे पत्र लिहायला शास्त्रज्ञांचे कोणते मंडळ होते?

येथे कोणी शंका घेईल की, विज्ञानाला जात नाही, देश नाही. मग चिनी जीवशास्त्रज्ञांचे वेगळे मंडळ, भारतीयांचे वेगळे, हे कशाला? अशा मंडळांचे जातिसंमेलन व्हायला कितीसा वेळ लागतो? ही शंका खोटी नाही. आपल्याच माणसाच्या सुमार कामाची वाहवा करणे, आपल्याच माणसाची शिफारस करणे, हा दोष अशा मंडळांत शिरू शकतो. जे मंडळ माणसाला शास्त्राच्या मोठ्या सभेत जाण्याचे धैर्य देते ते उपकारक. जे त्याला त्या सभेपासून दूर आपल्याच कोंडाळ्यात बसविते ते अपायकारक. ही कसोटी लावून कोणतेही मंडळ तपासावे.

भारताने या बाबतीत काय केले? हरगोविंद खोराना १९४९ साली युरोपातून शिकून मायदेशी आले, पण त्यांना नोकरी मिळाली नाही. ते पुन्हा परदेशी गेले. केंब्रिज, व्हँकूव्हर, आणि मग विस्कॉन्सिन. मघाशी ज्या विद्यापीठाचे नाव घेतले तेच हे. १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक झालेले होते. परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायमची जागा मिळेपर्यंत हंगामी काम द्यावे, म्हणून १९५८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू केला. खोरानांना तो नऊ वर्षे उशिरा झाला. अलीकडे, २००९ पासून, तरुण जीवशास्त्रज्ञांचा मेळावा भारतात भरतो. परदेशांतील प्रयोगशाळांत काम करणाऱ्या भारतीय तरुणांना तेथे बोलावतात आणि येथील संस्थांच्या संचालकांशी त्यांची भेट घालून देतात. परतायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण परतीची वाट दिसत तरी असावी, हे त्यामागचे तत्त्व.

आता शेवटचा प्रश्न, आपला. गेल्या काही वर्षांत रावेर-यावलच्या बागांवर सी.एम.व्ही. नावाचा विषाणू आला. मावा नावाची बारीक कीड तो पसरविते. रोगट झाडे उपटून टाकण्यावाचून बागाइतदाराला गत्यंतर राहिले नाही. हा विषाणू केवळ आपला नव्हे. काकडीपासून टोमॅटोपर्यंत शेकडो वनस्पतींवर तो जगभर आढळतो आणि जगभर त्यावर संशोधन होते. आपल्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली अशा प्रयोगशाळांतून असतील, तर त्यांचा पत्ता आपल्यापाशी आहे काय? मुलगा परदेशी गेला की आपण त्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, वर्तमानपत्रात फोटो छापतो आणि विसरून जातो. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने अशा विद्यार्थ्यांची वही ठेवावी. त्यांत नाव असावे, तसा विषयही असावा. ती मंडळी सुटीत घरी आली की सत्काराऐवजी त्यांना एक व्याख्यान द्यायला लावावे, आणि श्रोत्यांत शेतकरी व अकरावी-बारावीची मुले बसवावीत. शेतकऱ्याने प्रश्न विचारावा, शास्त्रज्ञाने तो बरोबर घेऊन जावा. याला फारसा पैसा लागत नाही. चिकाटी लागते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? एक सभागृह, काही वक्ते आणि ऐकण्याची इच्छा असलेली माणसे. एवढ्यावर महाराष्ट्राच्या गावोगावी वसंतातल्या व्याख्यानांची परंपरा रुजली. आपण आज येथे जमलो आहोत, तेच मंडळाचे बी आहे. खानखोज्यांसारखा एखादा पुन्हा आपल्यातून दूर देशी गेला, तर त्याचे नाव, त्याची विद्या आणि त्याची परतीची वाट ठाऊक असणारे कोणीतरी त्याच्या गावात असावे, इतकीच माझी विनंती आहे.