एलटी-१ : शिशाच्या काळातलं इंजिन

१९७० सालच्या शेव्हरोले कॅमारो झेड-२८चं बॉनेट उघडलं, की आत ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन दिसतं. नाव एलटी-१, ताकद ३६० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन ११ ला १. पुढच्याच वर्षी कॉम्प्रेशन ९ वर आलं आणि ताकद ३३० वर. १९७२ मध्ये तर २५५. ही शेवटची घसरण बरीचशी कागदावरची, कारण तेव्हापासून एअर फिल्टर, सायलेन्सर असं सगळं जोडून मोजलेली अश्वशक्ती जाहीर होऊ लागली. १९७१ ची घट मात्र खरी होती.

तिच्यामागे एड कोल होते. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक इंजिन १९५५ मध्ये आलं, तेव्हा ते तिथले मुख्य अभियंता होते. १९७० मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष. धूर स्वच्छ करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार आणि शिसं त्या कन्व्हर्टरला निकामी करतं, हे ओळखून त्यांनी १९७१ पासूनची इंजिनं कमी शिशाच्या पेट्रोलवर चालतील अशी करायला लावली. स्वतः वाढवलेल्या इंजिनाला त्यांनी स्वतःच लगाम घातला. तो निर्णय योग्यच होता. पेट्रोलमधलं शिसं गेलं तसं मुलांच्या रक्तातलंही उतरलं. पण १९७० चं एलटी-१ सांभाळणाऱ्याच्या बहुतेक अडचणी त्या कन्व्हर्टरपाशी जाऊन पोचतात, आणि तो तर या गाडीत कधी नव्हताच.

पहिली अडचण नॉकिंगची. ११ चं कॉम्प्रेशन, बिडाची हेड आणि आजचं पेट्रोल यांचं जमत नाही. काहीजण जाड हेड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवतात. त्यामुळे पिस्टन आणि हेड यांच्यातली अरुंद फट रुंदावते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉकिंग उलट वाढू शकतं. इंजिन खोललंच असेल, तर वाटीच्या आकाराचे पिस्टन बरे. नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची हेड घालावीत. ती उष्णता लवकर बाहेर टाकतात, वजनालाही हलकी.

दुसरी अडचण व्हॉल्व्ह सीटची. जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. तो नसला, की लांबच्या वेगवान प्रवासात मऊ बिडाची सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो. तरी एवढ्या भीतीपोटी चांगलं चाललेलं इंजिन खोलू नये. एलटी-१ चे टॅपेट सॉलिड आहेत, त्यामुळे झीज फिलर गेजवर कळते: सीट खाली बसली की टॅपेटची फट कमी होते. प्रत्येक सेटिंगच्या वेळी माप वहीत लिहून ठेवलं, तर कठीण सीट बसवायची वेळ ती वहीच सांगते.

तेलाची गोष्ट अधिक घातक, कारण ती लवकर ध्यानात येत नाही. सपाट तळाचा टॅपेट कॅमच्या लोबवर घासत फिरतो. तिथला ताण प्रचंड, आणि तेल मिळतं ते बहुतेक उडालेल्या शिंतोड्यांतून. धातूला धातू लागू न देण्याचं काम तेलातलं जस्त-फॉस्फरसचं संयुग करतं. फॉस्फरस कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून रोजच्या ग्रेडच्या तेलांत त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यापर्यंतच ठेवलं गेलं. अशा तेलावर नवा कॅम पहिल्या अर्ध्या तासातही घासून जाऊ शकतो. म्हणून जुन्या इंजिनांसाठीचं जादा जस्ताचं तेल घ्यावं, आणि नवा कॅम सुरू होताच वीसेक मिनिटं २,००० फेऱ्यांच्या वर चालवावा, आयडलवर सोडू नये. रोलर टॅपेटचा कॅम घातला की ही काळजी मिटते. माझ्या मते या इंजिनातली ती सर्वांत शहाणी सुधारणा.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग खराब होतात. ई-२० आल्यापासून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांनाही हाच त्रास आहे. पाइप बदलावेत, बस.

३५० चं ३८३ घन इंच करण्याच्या मोहाबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. ३५० चा ब्लॉक ४.००० वरून ४.०३० इंच बोअर करायचा आणि ३.४८ ऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घालायचा, ६.३ लिटर होतात, खालच्या फेऱ्यांतही भरपूर ओढ मिळते. साध्या, नंबर न जुळणाऱ्या ब्लॉकवर हे खुशाल करावं. मूळ एलटी-१ वर करू नये. ब्लॉकच्या पुढच्या भागात, उजव्या हेडच्या पुढे एक छोटी सपाट पट्टी असते आणि तिच्यावर कारखान्याचा शिक्का व गाडीचा क्रमांक ठोकलेला असतो. ब्लॉकचा माथा मशीनवर सपाट करताना बेसावध राहिलं, तर तो शिक्का पुसला जातो. बोअरला गेलेलं बीडही परत येत नाही. हेड, कॅम, इग्निशन बदललं तर जुनं उतरवून ठेवता येतं.

उतरवताना एक पथ्य पाळावं. सपाट टॅपेट आपापल्या लोबशी घासून जुळलेले असतात, त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही खराब होतात. सोळाही टॅपेट तेल लावून, कोणत्या सिलिंडरचा आणि इनटेकचा की एक्झॉस्टचा, अशी चिठ्ठी बांधून ठेवावेत.