लोणार: थिजलेल्या लाव्ह्यावर आभाळाचा घाव

आइसलँडच्या लाव्ह्याचे व्हिडिओ बघून ‘आपल्याकडे असलं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तळ्याच्या काठावर उभं राहावं. पायाखालचा काळा कातळ लाव्हाच आहे, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. पुढे कधीतरी त्यावर अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. कधी, यावर अजून वाद आहे. एका पद्धतीने वय ५० हजार वर्षांच्या आसपास निघतं, दुसरीने पावणेसहा लाख. मला दुसरं जास्त पटतं.

खाली उतरताना काठाचे थर बघा. एरवी आडवे असणारे हे थर इथे धक्क्याने उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत. बरीच वर्षं लोक या खड्ड्याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे. आघाताने दगडातल्या खनिजाची झालेली काच सापडली, तेव्हा अशनीची बाजू पक्की झाली.

गंमत पाण्याची. काठावरच्या गोमुख झऱ्याची धार गोड, आणि तळ्यात बोटं बुडवली तर साबण लागल्यासारखी बुळबुळतात! पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन ते उडवतं, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये ते इतके दाटले की क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तळं चक्क गुलाबी झालं. त्याच वर्षी त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला.

जाणार असाल तर सकाळीच उतरा. चढ दुपारी घाम काढतो.